गुडघाभर पाणी

मार्च लागला की आमच्या देवळाच्या मागच्या खोलीतली लोखंडी पेटी उघडते. तिच्यात बाप्तिस्म्याचे झगे असतात. पांढरे, जाड मांजरपाटाचे, घोट्यापर्यंत लांब. वर्षभर कडुनिंबाच्या पाल्यात पडून त्यांना कडवट वास लागलेला असतो आणि घडीच्या जागी पिवळट रेघा उमटलेल्या असतात. मी ते घरी आणते, धुते आणि अंगणातल्या दोरीवर टाकते. बाकीचे कपडे वाऱ्यावर फडफडतात, हे फडफडत नाहीत. खालच्या दुमडीत शिशाच्या गोळ्या शिवलेल्या आहेत, म्हणून ते सरळ लोंबत राहतात. शेजारच्या पोरी विचारतात, "मॅडम, ये क्या है?" मी सांगते, "नदीत उतरायचे कपडे." त्या पुढे काही विचारत नाहीत. बुरहानपुरात नदीत उतरायला कुणाला कारण लागत नाही.

कागदोपत्री आमच्या मंडळीचं नाव बरंच लांबलचक आहे, पण गावात आम्हाला डुबकीवाले म्हणतात. मोठ्या चर्चमधले ते थेंबवाले. ही नावं कुणी ठेवली माहीत नाही. बहुधा आम्हीच एकमेकांना ठेवली आणि गावाने उचलली. त्यांच्यात तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देतात. आमच्यात तसं नाही. माणसाला कळायला लागलं की त्याने स्वतःच्या तोंडाने मागायचं, मग झगा घालून तापीत उतरायचं आणि पाळकाने त्याला आख्खं पाण्याखाली नेऊन वर काढायचं. लेकरांना पाणी नाही. एवढाच काय तो फरक. एवढाच, असं मी लिहिते आहे खरी.

आमचे सध्याचे पाळक तरुण आहेत. खंडव्याकडचे, गिटार वाजवतात, मराठी बोलता बोलता हिंदीत शिरतात आणि परत यायला विसरतात. यंदा त्यांनी एक टूम काढली आहे. बाप्तिस्म्याच्या आदल्या रविवारी मंडळीतल्या जुन्या माणसांनी उभं राहून सांगायचं, आपण याच मंडळीत का आहोत.

"आंटी, बस दोन मिनिट. तुम्ही तर सगळ्यांत सीनियर. सांगा न, इसी कलीसिया में क्यों?"

"बापामुळे," मी म्हटलं.

"वो तो सबका होता है, आंटी. थोडं पर्सनल सांगा."

शाळेत शिकवत होते तोवर मी पोरांना 'कारणे द्या' म्हणून प्रश्न घालत आले. मला कुणी घातला नव्हता. मी त्यांना म्हटलं, बघू. घरी आले आणि पेटीतले झगे धुवायला घेतले.

झगे धुताना हात हळू चालवावा लागतो. गोळ्या दगडावर आपटल्या की कापड फाटतं. या गोळ्या म्हणजे कोळ्यांच्या जाळ्याच्या. जाळं तळाशी बसावं म्हणून त्याच्या काठाला लावतात ना, त्याच. पाण्यात उतरलं की झगा फुगून वर येतो, बायकामाणसांची पंचाईत होते, म्हणून आमच्या बाबांनी ही युक्ती काढली होती. बाबा शिंपी. गावातल्या शनवारा भागात एका बोळाच्या तोंडाशी त्यांची मशीन होती. आठवडाभर गावाचे लेंगे-सदरे आणि मार्च आला की मंडळीचे झगे. झगे शिवताना ते मशीनवर गाणं म्हणत नसत. एरवी सगळ्या सुरांत म्हणत, बऱ्याचदा चुकीच्या.

आई मूळची थेंबवाल्यांच्या घरची, देडतलाईकडची. तिच्या कपाळावर तान्हेपणीच पाणी पडलेलं. लग्न करून बाबांच्या मंडळीत आली तेव्हा तिला पुन्हा तापीत उतरवलं. ती हसून सांगायची, "मी दोनदा ओली झालेली हाय. माह्या वाट्याचं जास्तीचं पाणी कोनाले पायजे असन तर घेऊन जा." हे ऐकून घरात सगळे हसत. बाबासुद्धा.

त्या काळात मार्चमधली तापी आजच्यासारखी नव्हती. पात्र मोठं आणि पाणी थोडं, पण होतं ते नितळ. वाळूत डांगरांच्या, म्हणजे खरबुजांच्या, वाड्या असत. हिरव्या वेलींमध्ये बसलेली माणसं दुरून डांगरांसारखीच दिसत. जसोंडीकडून केळीच्या गाड्या यायच्या, त्यांच्यावर ओली गोणपाटं घातलेली. हवेत विणकरांच्या मागांचा खडखडाट आणि पिकल्या चिंचांचा आंबूस वास. आमच्या परीक्षा याच दिवसांत. भूगोलाची वही मांडीवर घेऊन मी ओट्यावर बसायची आणि माझा धाकटा भाऊ शमू माझ्या वेणीला लोंबत मला पाठांतर विसरायला लावायचा.

शमूचं नाव शमुवेल. त्याचा पुढचा एक दात हलत होता आणि तो दिवसभर जिभेने त्याला ढकलत असायचा. शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, शमुवेलाची गोष्ट त्याला फार आवडे. देवाने रात्री हाक मारलेलं पोर ते. त्याची आई त्याच्यासाठी दरवर्षी एक लहानसा झगा शिवून नेई. या गोष्टीत आमच्या शमूला देवाच्या हाकेपेक्षा झग्यात जास्त रस होता.

त्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, माझा बाप्तिस्मा ठरला होता. मी तेव्हा तेराची असेन. बाबांनी माझा झगा शिवायला घेतला आणि शमूने धोशा लावला, मलाही पाहिजे. मलाही नदीत जायचंय. मलाही येशू कळतो. बाबा म्हणाले, मोठा हो. तो म्हणाला, मी झालो. आणि पुरावा म्हणून हलणारा दात दाखवला.

बाबांनी शेवटी उरलेल्या कापडातून त्याला एक झगा शिवून दिला. नुसतं पोराचं मन राखायला. पण शिंपी तो शिंपीच, अर्धी शिवण त्यांच्या हातून निघणार नाही. झगा म्हटला की दुमडीत गोळ्या आल्याच. त्यांनी त्यातही गोळ्या घातल्या. आई चुलीपाशी बसून पाहत होती.

"खेळायचा हाय तर गोळ्या कशाले घातल्या?"

"झगा हाय तो, मार्था. फडफडाले नको."

"मग खेळायचा नाही तो," आई म्हणाली आणि परत भाकरीकडे वळली. तेव्हा आम्हा कुणालाच त्यात काही वाटलं नाही.

आमचा बाप्तिस्म्याचा डोह घाटापासून बराच खाली होता. तिथे काठावर एक जांभळीचं झाड होतं, त्याच्या सावलीत बायका गाणी म्हणत उभ्या राहत. खजुरीच्या झावळ्या पुरत नसत म्हणून पोरांच्या हातात केळीची पानं दिलेली. आम्ही रांगेने पाण्यात उतरलो. पाळक छातीभर पाण्यात उभे होते. माझी पाळी आली, त्यांनी माझ्या नाकावर घडी केलेला रुमाल धरला आणि मला मागे नेलं. पाण्याखाली सगळं गाणं बंद झालं. मग मी वर आले. डोळ्यांवरचं पाणी पुसलं आणि काठाकडे पाहिलं.

शमू पाण्यात उभा होता. आपला छोटा झगा घालून, केळीचं पान टाकून देऊन, रांगेच्या शेवटी. पाणी त्याच्या गुडघ्याशी होतं. झगा फुगला नव्हता, बाबांच्या गोळ्यांनी तो सरळ धरून ठेवला होता. त्याने दोन्ही हात छातीवर घडी केले होते, मोठ्यांना शिकवलं होतं तसे.

पाळकांनी त्याला पाहिलं आणि मग बाबांकडे पाहिलं. बाबा मंडळीच्या कारभारी वडीलजनांपैकी होते, नियम त्यांना ठाऊक होते. लोक थोडे हसले, प्रेमानेच. पाळक म्हणाले, "शमू, तू मोठा झाल्यावर, हं." शमू हलला नाही. तेव्हा बाबा लेंग्यासकट पाण्यात उतरले, त्याला उचलून खांद्यावर टाकलं आणि काठावर आणलं. तो एवढा रडला की पुढची गाणी कुणाला नीट म्हणता आली नाहीत. घरी येताना बाबांनी त्याला जिलेबी घेऊन दिली. त्याने ती हातात धरून ठेवली, खाल्ली नाही.

त्याच आठवड्यात त्याला ताप भरला. आधी सगळ्यांना वाटलं, नदीच्या पाण्याने असेल. मग मान दुखायला लागली, मग तो आम्हाला ओळखेना. डॉक्टर दोनदा घरी येऊन गेले. दुसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी बाबांच्या पाठीवर हात ठेवला आणि फी घेतली नाही. त्यावरून आईला कळलं.

भर दुपारची वेळ होती. आई उठली आणि तशीच अनवाणी बाहेर पडली. मोठ्या चर्चच्या बंगल्यावर गेली आणि तिथल्या पाद्रीसाहेबांना घेऊन आली. उंच, वाकलेले, मायाळू गृहस्थ. त्यांच्या हातात रुमालात गुंडाळलेली चांदीची लहान वाटी होती. बाबा उंबऱ्यावर बसले होते. आत मी शमूच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होते आणि मला सगळं ऐकू येत होतं.

"योसेफराव, आत येऊ का?" पाद्रीसाहेबांनी विचारलं.

"प्रार्थनेला या," बाबा म्हणाले. "पाण्याला येऊ नका."

"अहो, असं काय करता?" आईचा आवाज फुटत होता. "लेकरू चाललं आपलं."

"म्हणूनच. आता पाणी घातलं तर त्याचा अर्थ काय होते, मार्था? पाण्याबिगर देव त्याले घेणार नव्हता, असा होते. येशूनं लेकरांवर नुसते हात ठेवले होते. थेंब पडला तरच जो लेकरू घेणार, अशा देवाच्या हाती मी माहं लेकरू देत नाही."

"तो मागत होता," आई म्हणाली. "स्वतःच्या तोंडानं मागत होता. तुमचा नेम हाय न तसा? नदीत उतरला होता तो. गुडघाभर उतरला होता. तुम्ही काढला त्याले बाहेर."

बाबा उंबऱ्यावरून उठले नाहीत. पाद्रीसाहेब बापाच्या संमतीवाचून आत येणार नव्हते, आणि परतही जाईनात. शेवटी ते बाबांच्या शेजारी उंबऱ्यावरच बसले, वाटी मांडीवर धरून. आई एकटी आत आली. मी पट्टी बदलत होते. पाणी शमूच्या कपाळावरून कानाकडे ओघळत होतं. सकाळपासून ओघळत होतं. त्यावर कुणी बाप्तिस्म्याची वचनं म्हटली नव्हती, म्हणून ते नुसतं पाणी. उन्हं उतरायच्या आत तो गेला.

त्याला तोच झगा घातला. आईनेच घातला, कुणाला हात लावू दिला नाही. मग बाबा कात्री घेऊन त्याच्या पायाशी बसले आणि दुमडीची शिवण उसवायला लागले. एकेक गोळी काढून त्यांनी तळहातावर घेतली. मी विचारलं, का काढताय?

"आता ओझं कशाले," ते म्हणाले.

त्या गोळ्या त्यांनी मशीनच्या खणात टाकल्या. पुढच्या वर्षी कुणाच्यातरी झग्याला लागल्या असतील. कुठल्या, ते मी कधी विचारलं नाही. त्यामुळे मी आजही सगळेच झगे सारख्या हलक्या हाताने धुते.

शेजारच्या द्वारकाकाकू, ज्यांची जसोंडीला केळी होती, त्या रात्रभर आईपाशी बसून होत्या. त्यांना आमच्यातलं थेंबाचं आणि डुबकीचं काही कळत नव्हतं, पण दुपारचं सगळं त्यांनी भिंतीपलीकडून ऐकलं होतं. त्या आईला म्हणाल्या, "मार्थाबाई, आमच्यात बी नेणत्या लेकराले जाळत नाहीत. पुरतात. आग कशाची लावता त्याले, ते तर देवाचंच असते."

आई म्हणाली, "तुमचा देव बरा हाय, बाई."

बाबा तिथेच होते. काकूंनी म्हटलं ते बाबांच्याच बाजूचं होतं, पण आईने उत्तर असं दिलं की ते त्यांच्या बाजूचं राहिलं नाही.

त्या वर्षांत चर्चांच्या एकीकरणाची बोलणी चालली होती. निरनिराळ्या मिशनांनी काढलेल्या मंडळ्या एक व्हायच्या होत्या, एक नाव, एक उपासना. शमू होता तोवर हा आमच्या घरात चेष्टेचा विषय होता. बाबा म्हणत, "खिचडी व्हाले लागली." आई म्हणे, "खिचडी पोटाले बरी असते." नव्या चर्चमध्ये दोन्ही रीती चालणार होत्या. ज्याला लेकराला पाणी द्यायचं त्याने द्यावं, ज्याला थांबायचं त्याने थांबावं. वाचायला किती सोपं आहे. भांडणाला जागाच नको.

मतं घेतली तेव्हा आमची बहुतेक मंडळी तिकडे गेली. त्यांचा मोठा मंडप पडला, बाहेरून बिशप आले, दोन्हीकडच्या बाजाच्या पेट्या एकत्र वाजल्या. आई पांढरं लुगडं नेसून गेली. बाबा गेले नाहीत. ज्यांना जायचं नव्हतं अशी चार घरं बाबांच्या दुकानात जमली आणि मशीनवर चादर टाकून तिचं टेबल केलं. आमचं हे छोटं देऊळ पुढे बऱ्याच वर्षांनी झालं.

तेव्हापासून रविवारी सकाळी आम्ही तिघं बरोबर निघायचो. चौकापर्यंत. तिथे आई उजवीकडे वळायची आणि बाबा सरळ जायचे. दोघांत भांडण नव्हतं. भांडण असतं तर मिटलं असतं. आई बाबांच्या उपासनेच्या सदऱ्याला इस्त्री करून द्यायची, बाबा तिच्यासाठी नवं गीतांचं पुस्तक घेऊन आले होते. फक्त जेवताना शमूचं नाव निघत नसे. सुरुवातीला मी सकाळी बाबांबरोबर आणि संध्याकाळी आईबरोबर जाऊन पाहिलं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसं झालं. दोन्हीकडे बसून मी दुसरीकडच्याचा विचार करायची. मग मी चौकात सरळ जायला लागले.

एका रविवारी आई मेथी निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "तू त्यांच्यासंगंच काहून जाते? तिथं ना पेटी ना पोरी. चार म्हातारे आन एक मशीन."

मला खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं किती टोचेल हे कळायचं ते वय नव्हतं. मी म्हटलं, "तिथं शमू बरा आहे, आई."

तिचे हात थांबले. मग ती म्हणाली, "आन मी जाते तिथं?"

मी मेथीची जुडी पुढे ओढली. ती ज्या देवळात आधाराला गेली होती तिथे पाण्याला मोल होतं, म्हणून तर ती गेली. पण पाण्याला मोल असेल तर तिचा मुलगा त्याच्यावाचून गेला होता. बाबांच्या दुकानात पाण्याला ते मोल नव्हतं, तिथे शमूचं काही राहून गेलं नव्हतं, पण तिथे तिला बसवत नव्हतं, कारण तिथल्याच माणसांनी त्याला काठावर आणलं होतं. म्हणजे जिथे ती बसू शकत होती, तिथे तिचं लेकरू बाहेरच राहत होतं. हे तिला त्या क्षणी दिसलं असावं. ती उठली आणि म्हणाली, "भाजी करपली वाटते." चूल अजून पेटवलेलीही नव्हती.

मला पाळक विचारतात, इसी कलीसिया में क्यों. शास्त्रातली वचनं मलाही पाठ आहेत. पाण्याखाली जाणं म्हणजे मरणं आणि वर येणं म्हणजे उठणं, हे मी पोरांना शिकवते आणि मनापासून शिकवते. पण मी इथे आहे ती त्या वचनांमुळे नाही. माझ्या भावाला ज्या घरात जागा आहे ते घर मी सोडू शकले नाही, इतकंच. आणि त्यासाठी आईला चौकात एकटं वळू दिलं. लग्न होऊन गेले, शाळेत लागले, नवरा गेला, परत बुरहानपुरात आले, तरी चौक तोच राहिला. आता तिथे सिग्नल आहे.

मोठ्या चर्चमध्ये मी कधीमधी गेले आहे, लग्नांना, बारशांना. एकदा मामेबहिणीच्या नातवाचा बाप्तिस्मा होता. आई पहिल्या बाकावर बसली होती. तिथल्या बायका म्हणाल्या, बाप्तिस्मा कुणाच्याही घरचा असो, मार्थाबाई पुढेच बसतात. पाळकांनी बाळाच्या कपाळावर पाणी टाकलं, बाळ दचकून रडलं. आईने डोळे मिटले आणि आपलं बोट आपल्याच कपाळावर टेकवलं, हळूच. मग ते ओलं आहे का ते पाहिलं. तेव्हा मी बाकावरून उठून बाहेर आले. चर्चच्या अंगणात उभी राहून रडले, आणि लोकांना वाटलं मला जुने दिवस आठवले. बरोबरच होतं त्यांचं.

बाबांनी त्या दुपारबद्दल उभ्या आयुष्यात एकदाच तोंड उघडलं. ते त्यांचं शेवटचं वर्ष. दृष्टी कमी झाली होती, सुईत दोरा मी ओवून देत होते. मार्चच होता. झग्याची दुमड माझ्या हातात होती आणि ते एकेक गोळी चाचपून आत सरकवत होते.

"सुमे," ते म्हणाले, "त्या दिवशी पाद्रीले आत घेतलं असतं तर काय गेलं असतं?"

मी म्हटलं, "काही नाही गेलं असतं, बाबा."

"हो न. शमूचं काही गेलं नसतं. त्याले काही मिळालं बी नसतं, त्याचं सगळं होतंच." त्यांनी एक टाका घातला. "पण तिले मिळालं असतं. मी देवाची बाजू सांभाळत बसलो. देवाले कोनी सांभाळाची गरज नव्हती."

मी म्हटलं, "हे आईला सांगा की."

"नको," ते म्हणाले. "आता सांगून तिले काय, पुन्हा तोच दिवस. तू बी तुह्या आईले सांगू नको."

त्यांनी दोरा दाताने तोडला. पावसाळ्याच्या आत ते गेले. दोन्ही मंडळ्यांचे लोक खांदा द्यायला होते. स्मशान आमचं आधीपासून एकच आहे, त्याचं एकीकरण कधी करावं लागलं नाही.

आईने पुढेही आपला रस्ता बदलला नाही. मी तिला रविवारी रिक्षाने चर्चच्या फाटकाशी सोडायची आणि तीच रिक्षा घेऊन माझ्या देवळात यायची. ती फार म्हातारी झाली. माणसं विसरली, मामेबहिणींना एकमेकींच्या नावांनी हाका मारायला लागली, पण शमूचा दात कुठला हलत होता ते तिला विचारलं तर ती बोटाने दाखवायची.

तिच्या शेवटच्या मार्चमध्ये मी असेच झगे वाळत घातले होते. ती खाटेवर बसून त्यांच्याकडे बघत होती. अचानक म्हणाली, "मले डोहावर ने."

मी म्हटलं, आई, ऊन आहे, तुला उतरवणार नाही. ती म्हणाली, "ने." मग नेलं. रिक्षावाल्या पोराने तिला हात देऊन वाळूपर्यंत उतरवली. जांभळीचं झाड आता नाही. काठाला प्लास्टिकच्या पिशव्या, निर्माल्य, पलीकडे मोटारीचा आवाज. पाणी गढूळ, पण होतं. तिने चपला काढल्या, लुगडं वर खोचलं आणि माझा दंड धरून पाण्यात पाऊल टाकलं. मला वाटलं, पाय ओले करून परत येईल. ती चालत राहिली. पाणी घोट्यावरून पोटऱ्यांवर आलं, मग गुडघ्यांशी. तिथे थांबली. वाकून आपले गुडघे पाहिले.

"इथलोक होता न तो?"

"हो. इथपर्यंतच."

"तू पाह्यलं होतं."

"मी पाहिलं होतं, आई. मी नुकतीच वर आले होते."

ती उभी राहिली. तिच्या पायांभोवती पाण्यावर बारीक वर्तुळं उठत होती. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "एवढं पुरलं असन का, सुमे?"

मी जन्मभर ज्या मंडळीत बसले, तिथे या प्रश्नाला उत्तर नाही, कारण तिथे हा प्रश्नच नाही. काही पुरायचं नव्हतं. काही कमी नव्हतं. बाबांनी उंबऱ्यावर बसून जे धरून ठेवलं ते एवढ्याचसाठी, की हा प्रश्न कधी कुणी शमूबद्दल विचारू नये. आणि मी बाबांच्या बाजूला होते, तेव्हाही, आणि नंतर प्रत्येक रविवारी. मी आईकडे पाहिलं. तिचा हात माझ्या दंडावर किती घट्ट होता.

"पुरलं, आई," मी म्हटलं. "भरपूर होतं."

तिने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली. मग आम्ही वळलो. काठावर येऊन तिने लुगडं पिळलं, चपला शोधल्या, आणि माझ्या कानाशी तोंड आणून, बाबा जाऊन इतकी वर्षं झालेली असताना, म्हणाली, "तू असं म्हनली ते तुह्या बाबाले सांगू नको. त्याईले वाईट वाटन."

त्याच क्षणी मला बाबांनी म्हटलेलं तिला सांगून टाकावंसं वाटलं. ओठांवर आलं होतं. पण बाबांनी नको म्हटलं होतं, आणि ती फार दमली होती, आणि रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. त्या उन्हाळ्यात तीही गेली.

आता झगे वाळले आहेत. उद्या त्यांना इस्त्री करायची, दुमडी तपासायच्या, कुठे गोळी सुटली असेल तर टाका घालायचा. रविवारी पाळक माझं नाव घेतील. मी उठून उभी राहीन आणि सांगेन, मी या मंडळीत आहे ती माझ्या बापामुळे. तेही खोटं नाही. त्यांना आणखी पर्सनल हवं असेल, पण आईचं मी काही सांगणार नाही. बाबा जिथे बसायचे तिथेच तर उभं राहून बोलायचं आहे, आणि तिने बाबांना सांगू नको म्हटलंय.